मनोविश्लेषणांत रुग्णाचें काम



मनोविश्लेषण म्हटलें कीं पुष्कळांच्या डोळ्यांसमोर कोचावर पडलेला रुग्ण आणि त्याच्या डोक्यामागें बसलेला वैद्य येतो. दंतवैद्यापुढें तोंड उघडावें तसें रुग्णानें मन उघडून स्वस्थ पडावें आणि वैद्यानें आंतलें दुःख उपटून काढावें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत घेऊन जो तेथें जातो, तो बहुधा रिकाम्या हातीं परततो.

वास्तविक ही पद्धति घडविण्यांत रुग्णांचाच मोठा वांटा आहे. १८८० ते १८८२ या काळांत व्हिएन्ना येथील डॉ. ब्रॉयर यांच्याकडे बर्था पापेनहाइम ही तरुणी उपचार घेत होती. 'बोलण्याचा उपचार' हें नांव तिनेंच दिलें. पुढें फ्रॉइड यांच्या एका रुग्ण बाईनें, सारखे प्रश्न न विचारतां मला माझें बोलूं द्या, असें त्यांना बजावलें. त्यांनीं तें ऐकलें, आणि नवी वाट दिसूं लागली. आपल्या देशांतही १९२२ सालीं कलकत्त्यास गिरींद्रशेखर बोस यांनीं मनोविश्लेषणाचें मंडळ स्थापिलें.

रुग्णाला नियम एकच: मनांत येईल तें निवड न करतां सांगावें. फ्रॉइड यांनीं १९१३ सालीं यासाठीं आगगाडींतील प्रवाशाची उपमा योजिली. ती आपण दौंड-मनमाड मार्गावर आणूं. खिडकीशीं बसलेल्यानें आंतल्या सोबत्यास दिसेल तें सांगत जावें: विसापूर गेलें, राहुरीचा ऊंस दिसला, गोदावरी आली. काम सोपें वाटतें. परंतु जें लाजेचें, रागाचें किंवा अगदींच क्षुल्लक वाटतें, तेंच जिभेवर अडतें. एखादे दिवशीं कांहींच सुचत नाहीं. एखादे दिवशीं वैद्याचाच संताप येतो, आणि तो संताप मुळांत वडिलांवरचा असतो. तोही बोलून दाखवावयाचा असतो. १९०० सालच्या अखेरीस एक तरुणी अकरा आठवड्यांतच फ्रॉइड यांचा उपचार सोडून गेली. तिच्या मनांतील असे भाव आपण वेळीं ओळखले नाहींत, हें त्यांनीं पुढें लिहून कबूल केलें.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, नेवासें येथें, शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली. नवव्या अध्यायाच्या आरंभीं ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे अवधान मागतात. तेथें जाणता बोलतो व इतर ऐकतात. मनोविश्लेषणांत याच्या उलट घडतें: दुःखी मनुष्य वक्ता होतो आणि जाणता श्रोता. अवधान मागण्याचा अधिकार येथें रुग्णाचा आहे. पण बोलण्याचें कष्टही त्याचेच. अर्थ वैद्य सुचवील. तो पटतो कीं नाहीं, हें रुग्णानेंच प्रामाणिकपणें सांगावयाचें.

म्हणूनच घरच्या मंडळींस एक विनंति. भ्रम होत असतील किंवा जीव नकोसा झाला असेल, तर प्रथम मनोविकारतज्ज्ञाकडे तांतडीनें जावें. तेथें केवळ बोलण्यावर विसंबूं नये. परंतु आपली मुलगी वा सून अशा उपचारास जात असेल, तर ती परत आल्यावर "आज काय सांगितलेंस?" असें विचारूं नका. गुप्ततेचा हक्क तिला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेंही दिला आहे. कदाचित् ती तुमच्याविषयींच बोलली असेल. तें तिला बोलतां आलें, यांतच तुमच्या घराचें हित आहे. दार उघडा, चहा पुढें करा, आणि तिला स्वस्थ बसूं द्या.