पहिल्या छापाचा हव्यास



जाहीर विषय आहे 'जुनी वर्तमानपत्रं आणि देशभक्तिगीतं'. मला खरं तर एवढंच सांगायचंय, की पहिल्या छापामागे धावू नका. पण तेवढ्यावर संयोजक मानधन देणार नाहीत. (हशा)

अमेरिकेचं राष्ट्रगीत घ्या. ब्रिटिशांचा बाल्टिमोरवरचा हल्ला, फोर्ट मॅकहेन्रीवर रात्रभर झालेला भडिमार, सकाळी दिसलेला झेंडा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यावरची फ्रान्सिस स्कॉट की या वकिलाची कविता २० सप्टेंबर १८१४ ला 'बाल्टिमोर पेट्रिअट'मध्ये आली. त्या अंकासाठी संग्राहक जीव टाकतात. पण त्यात शीर्षक आजचं नाही, किल्ल्याच्या बचावाचं आहे. कवीचं नावही नाही. चाल तेवढी सांगितलीय, आणि ती लंडनच्या एका हौशी मंडळाच्या गाण्याची!

मग गाणं देशभर गेलं कसं? तेव्हा संपादक एकमेकांना टपालानं फुकट अंक पाठवत आणि दुसऱ्याचा मजकूर बिनदिक्कत छापत. असं ते गावोगावच्या पत्रांत पोचलं. मला हवा असतो तो हा पाचवा, दहावा छाप. तारखा लावून बघा, गाण्याचा प्रवास उलगडतो. शिवाय तो खिशाला झेपतो. पहिल्या छापाचं तसं नाही. गाण्याची स्वरलिपी पहिल्यांदा छापली बाल्टिमोरच्या थॉमस कारनं. तिची एक प्रत २०१० मध्ये लिलावात पाच लाख डॉलरच्या वर गेली. त्या छापाची खूण काय, तर 'पॅट्रिऑटिक' या शब्दातलं एक अक्षर गळलंय. सभागृहातल्या मुद्रितशोधकांनी मनाला लावून घेऊ नये. (हशा)

कागदाचं सांगायलाच हवं. १८१४ चा कागद चिंध्यांचा. जुने सुती, तागाचे कपडे कुजवून, कुटून त्याचा लगदा करत. म्हणून दोनशे वर्षांनंतरही तो पान उलटताना मोडत नाही. पुढे लाकडाचा लगदा आला, कागद स्वस्त झाला आणि त्यातल्या आम्लानं तो पिवळा पडून कुरकुरीत होऊ लागला. त्यामुळे आजोबांच्या काळातलं वर्तमानपत्र हातात भुगा होतं आणि खापरपणजोबांच्या काळातलं शाबूत राहतं. तिकडे चिंध्यांचं वर्तमानपत्र व्हायचं, आपल्या घरात वर्तमानपत्राची रद्दी होते. पुढच्या रांगेतल्या वहिनी हसताहेत, म्हणजे घरोघरी हीच कथा. (हशा)

मागून कुणीतरी विचारलं, अमेरिकेचंच का? अहो, आपलंही आहे की! 'जन गण मन' जानेवारी १९१२ च्या 'तत्त्वबोधिनी पत्रिके'त छापलं गेलं ते 'भारत विधाता' या शीर्षकाखाली. आजच्या नावानं शोधणारा तिथेही चुकणार. मी परदेशी गेलो म्हणून देशाला विसरलो नाही, एवढी नोंद घ्यावी. (टाळ्या)

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतात, म्हणजे तीनच. बनावट प्रती कशा ओळखायच्या, हे राहिलं. चहाच्या वेळी विचारा.

एक विनंती मात्र ऐकून जा. घरात जुने अंक असतील तर गाण्याचं कात्रण काढू नका. शेजारची बातमी, जाहिरात, अंकाची तारीख यांच्याशिवाय ते गाणं कधी, कुठे, कुणासाठी छापलं ते कळत नाही. चिकटपट्टी लावू नका. अख्खा अंक सपाट, कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवा, आणि सांभाळणं जमत नसेल तर रद्दीवाल्याआधी गावातल्या वाचनालयाला विचारा.