पाणी आणि रक्त



दिव्यावदानातील एक कथा आपण घरी मुलांना अवश्य सांगा. भिक्षू आनंदाने विहिरीवर पाणी मागितले, तेव्हा प्रकृतीने आपण मातंगकन्या असल्याचे सांगितले. आनंदाने जात विचारलीच नव्हती. तो पाणी प्याला. या कथेवरून रवींद्रनाथांनी १९३३ साली ‘चंडालिका’ हे नाटक लिहिले.

१९५९ च्या ‘सुजाता’ चित्रपटातील अस्पृश्य मुलगी ब्राह्मणाच्या घरी वाढते. परंतु पाळणाऱ्या आईला रक्त देऊन वाचविल्यावरच ती लेक ठरते. संविधानाचे १७ वे कलम मात्र अस्पृश्यता नष्ट करताना कोणाच्याही त्यागाची अट घालीत नाही. समता हे बक्षीस नव्हे, तो हक्क आहे.

चित्रपट पाहून डोळे अवश्य भरून येवोत. पण मुलांना एवढे विचारा : तिने रक्त दिले नसते, तर ती लेक नव्हती काय?