मोजणी आणि विचारपूस

(वसंत व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)



विषय जाहीर झाला तेव्हा संयोजकांना दोन-तीन दूरध्वनी आले, असे मला आताच कळले. ‘घरच्या मंडळींना घेऊन यायचे की नाही?’ अशी पृच्छा होती. आपण सहकुटुंब आलात याबद्दल आभारी आहे, कारण आजचे बोलणे मुख्यतः कुटुंबाविषयीच आहे.

फेब्रुवारी २०११ मधील एक प्रसंग सांगतो. माझ्या परिचयाच्या एक शिक्षिका जनगणनेच्या कामावर होत्या. एका मध्यमवर्गीय घरात त्या तक्ता भरीत बसल्या. गृहिणीने सांगितले, “दोन मुलगे.” धाकटा, सोळा वर्षांचा, स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. कपाळावर बारीकशी टिकली, हातात एक बांगडी. बाईंनी डोके वर करून त्याच्याकडे पाहिले, आईकडे पाहिले, पुन्हा डोके खाली घातले आणि ‘पुरुष, १’ असे लिहिले. त्या वर्षी प्रथमच जनगणनेत ‘इतर’ असा तिसरा संकेतांक, ३, उपलब्ध होता. बाईंना तो ठाऊक होता. “पण विचारणार कसे? आईने उत्तर दिलेच होते,” असे त्या मला म्हणाल्या.

लैंगिकदृष्ट्या वेगळ्या असलेल्या माणसांसाठी, म्हणजे तृतीयपंथी, समलिंगी आणि तत्सम सर्वांसाठी, शासनाने धोरण आखावे असे आज जवळजवळ सर्वजण म्हणतात. परंतु धोरण आखायचे तर गरज ठाऊक हवी, गरज कळायची तर विचारायला हवे, आणि विचारणारा येतो तो आपल्या दारात. तिथे उत्तर देणारे आपण असतो.

ज्यांना इतिहासाची गोडी आहे त्यांच्यासाठी थोडे मागे जातो. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. भटक्या-विमुक्तांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्याच्या तोंडी तर हे वर्ष सदैव असते. जन्मतःच गुन्हेगार ठरविलेल्या जमाती, हजेरी, तारेच्या कुंपणातील वसाहती, हे सारे आपण अनेकदा ऐकले आहे. मात्र त्याच कायद्याला दुसरा भाग होता, आणि तो आपण फारसा वाचलेला नाही. त्या भागान्वये हिजड्यांची नोंदवही ठेवण्याचे अधिकार स्थानिक सरकारांना दिले गेले. नाव, राहण्याचे ठिकाण, मालमत्ता, सर्व काही त्यात असे. नोंद झालेली व्यक्ती रस्त्यावर स्त्रीवेषात दिसली किंवा तिने सार्वजनिक जागी नाचगाणे केले, तर वॉरंटाविना अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. तिला मृत्युपत्र करता येत नसे, दत्तक घेता येत नसे, कोणाचे पालकत्व पत्करता येत नसे. या देशात या समाजाचे राज्यकर्त्यांनी केलेले पहिले मोठे ‘सर्वेक्षण’ म्हणावे तर ते हेच, पोलिसांच्या दप्तरातले.

म्हणून आज एखादा कार्यकर्ता वही घेऊन डेऱ्यावर गेला आणि “आम्हाला तुमची माहिती हवी आहे” असे म्हणाला, की समोरचा चेहरा मिटतो. याचे आश्चर्य वाटून घेऊ नये. पालावरही असेच होते. वही घेऊन येणारा माणूस पोलीस नसून मित्र आहे, हे पटायलाच वर्षे जातात. तुळजापूरजवळच्या यमगरवाडीचा प्रकल्प आपण पाहिला असेल. गिरीश प्रभुणे यांच्यासारखे कार्यकर्ते आधी पालावर राहिले, तिथल्या माणसांबरोबर जेवले. दादा इदाते यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगालाही मोठी अडचण जाणवली ती हीच की, या समाजाची विश्वासार्ह आकडेवारीच नाही. ज्या कायद्याने पारध्याला गुन्हेगार ठरविले, त्याच कायद्याने हिजड्यालाही संशयित ठरविले होते. एकाच्या पालावर आपण पोहोचलो. दुसऱ्याच्या डेऱ्यावर मात्र आपण उशिरा पोहोचतो आहोत, आणि काही ठिकाणी अजून पोहोचलेलोच नाही.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? दीर्घकाळ काहीच नाही. नंतर एड्सचे संकट आले आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमात या मंडळींची मोजदाद सुरू झाली. त्या कामाने अनेक प्राण वाचविले, हे निःसंशय. पण त्या मोजणीत माणूस आला तो रोगाच्या वाटेने. त्याला किती धोका आहे हे विचारले गेले. त्याला घर आहे का, म्हातारपणी कोण पाहणार, हे कोणी विचारले नाही. मराठीत हे बोलणारे थोडे होते. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि साध्या मराठीत पुस्तके लिहिली. आपल्या वाचकांपैकी किती जणांनी ती वाचली, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो. मी फार उशिरा वाचली.

आता २०११ च्या जनगणनेकडे येऊ. ‘इतर’ या रकान्यात देशभरातून ४,८७,८०३ नोंदी झाल्या, त्यांपैकी महाराष्ट्रातून ४०,८९१. वृत्तपत्रांनी ‘देशात सुमारे पाच लाख तृतीयपंथी’ अशा अर्थाचे मथळे दिले. पत्रकार म्हणून त्यात माझाही वाटा आहे, ते कबूल करतो. जनगणना कार्यालयाचे म्हणणे वेगळे होते. हा तृतीयपंथीयांचा आकडा नाही. ज्यांनी स्वतःला ‘इतर’ नोंदविले त्यांचा तो आहे, आणि कित्येक तृतीयपंथीयांनी आपली नोंद स्त्री वा पुरुष अशीच केली असेल.

त्या कोष्टकात एक संख्या आहे, तिच्यावर माझी नजर खिळून राहिली. या नोंदींपैकी ५४,८५४ नोंदी शून्य ते सहा वर्षे वयाच्या बालकांच्या आहेत. नवांतील एक! यातील काही लेखनिकांच्या चुका असतील, असे गृहीत धरू. तरीही हजारो आईबापांनी प्रगणकाला आपल्या तान्ह्या लेकराविषयी ‘हे मूल मुलगाही नाही, मुलगीही नाही’ असे आपण होऊन सांगितले, हे उरतेच. ही मुले तेव्हा घरात होती, आईच्या मांडीवर होती.

याशेजारी दुसरी माहिती ठेवा. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगासाठी दिल्ली आणि उत्तर प्रदेशातील ९०० तृतीयपंथीयांचा अभ्यास झाला, २०१७ साली. त्यात आईवडिलांजवळ राहणारे केवळ दोन टक्के आढळले. एकीकडे मांडीवरची मुले, दुसरीकडे घराबाहेरची माणसे. मधल्या वीस वर्षांत काय घडते? कोणत्या इयत्तेत, कोणत्या रात्री, कोणाच्या शब्दाने ते मूल घर सोडते? धोरणासाठी खरी माहिती हीच आहे. केरळच्या २०१४-१५ च्या सर्वेक्षणाने या प्रश्नाच्या जवळ जाण्याचा प्रयत्न केला. निम्म्याहून अधिक तृतीयपंथीयांनी दहावीपूर्वीच शाळा सोडल्याचे त्यातून दिसले आणि २०१५ मध्ये त्या राज्याने देशातील पहिले तृतीयपंथी धोरण जाहीर केले. त्या राज्यातील राजकारणाशी आपले पटत नाही, हे मान्य. चांगल्या कामाची दखल घ्यायला ती अडचण ठरू नये.

पण सर्वेक्षण करूनही काय निसटते पाहा. २०१७ साली कोची मेट्रोने वीसहून अधिक तृतीयपंथीयांना नोकऱ्या दिल्या. देशभर कौतुक झाले. महिन्याभरात त्यांतील आठ जणांनी काम सोडले. काम जड होते म्हणून? नाही. शहरात त्यांना परवडेल अशा भाड्यात कोणी खोली देईना. नोकरी शासन देऊ शकते. खोली देणारा घरमालक आपल्यासारखाच कोणीतरी गृहस्थ असतो.

छापील अर्जावरचा एक चौकोनही माणसाचे भवितव्य ठरवितो, हे आपल्या महाराष्ट्रात दिसले. पोलीस भरतीच्या अर्जात स्त्री आणि पुरुष एवढेच पर्याय होते. प्रकरण प्रशासकीय न्यायाधिकरणात आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये शासनाने तिसरा पर्याय देण्याचे आणि शारीरिक चाचणीचे नियम करण्याचे मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली होती. तिथून एका चौकोनापर्यंत यायला साडेआठ वर्षे लागली.

आतापर्यंत तृतीयपंथीयांविषयी बोललो. त्यांना निदान परंपरेत एक जागा आहे. यल्लम्माचा जोगता आहे, किन्नर आखाडा आहे, शिखंडी आणि बृहन्नडा आहेत. मात्र जी मुलगी मनाने मुलगा आहे, तिला आपल्या मराठीत रूढ शब्दच नाही. ती डेऱ्यावर जात नाही, टाळी वाजवीत नाही, म्हणून डेऱ्यावर केलेल्या कोणत्याही सर्वेक्षणात ती सापडतही नाही. बहुधा ती या क्षणी कोणाच्या तरी घरी लग्नाच्या बैठकीला साडी नेसून बसलेली असेल.

शब्दांचा हा मुद्दा किरकोळ नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत लिंगओळखीचा प्रश्न प्रथमच विचारला गेला. उत्तरे आली, आकडे छापले गेले, आणि मग शंका उपस्थित झाली की, ज्यांची इंग्रजी कच्ची आहे अशा अनेकांना प्रश्नच नीट समजला नसावा. २०२४ मध्ये त्या आकड्यांचा मानांकित दर्जा काढून घ्यावा लागला. संपन्न, सुसज्ज देशात असे घडले. मग आपल्याकडे सरकारी परिभाषा कोशातून उचललेला शब्द घेऊन सोलापूरच्या जोगत्यासमोर बसणाऱ्याचे काय होईल? तो म्हणेल, “मी देवीचा.” हे उत्तर कोणत्या रकान्यात बसवणार?

समलिंगी व्यक्तींची मोजणी तर आपल्या जनगणनेने कधी केलेलीच नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे नाकारले. त्या निर्णयावर आपल्या वर्तुळात समाधान व्यक्त झाले, आणि विवाहसंस्थेविषयी माझीही मते जुन्या वळणाची आहेत. परंतु त्याच निकालात केंद्र सरकारचे एक आश्वासन नोंदले गेले, ते फारसे चर्चिले गेले नाही. या व्यक्तींच्या दैनंदिन अडचणी पाहण्यासाठी मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली जाईल, असे ते आश्वासन होते. एप्रिल २०२४ मध्ये समिती नेमली गेली. त्यानंतर त्याच वर्षी संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि जोडीदाराला वारस म्हणून नामनिर्देशित करण्यास कोणतीही आडकाठी नाही, असा खुलासा केंद्राने केला. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच घरातील समजावे, जवळचे नातलग उपलब्ध नसतील तेव्हा पार्थिव जोडीदाराच्या ताब्यात द्यावे, अशा सूचना राज्यांना गेल्या. सप्टेंबरमध्ये जनतेकडूनही सूचना मागविल्या गेल्या.

बँक, शिधापत्रिका, अंत्यसंस्कार. विवाहाविषयी तुमचे माझे मत काहीही असो, वीस वर्षे सोबत राहिलेल्या माणसाला अखेरचे पाणी पाजण्याची मुभा असू नये, असे म्हणणारा या सभागृहात कोणी असेल असे मला वाटत नाही. या गरजा कोणत्याही विचारवंताच्या डोक्यातून निघालेल्या नाहीत. विचारले तेव्हा कळल्या.

विचारणाऱ्याने कसे असावे, याचे उदाहरण मद्रास उच्च न्यायालयात सापडते. २०२१ साली दोन तरुणी कुटुंबाच्या भीतीने संरक्षण मागायला आल्या. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी आपल्याला या विषयाची पुरेशी समज नाही हे मोकळेपणाने सांगितले, मानसशास्त्रज्ञाबरोबर बसून विषय समजून घेतला आणि मगच सविस्तर आदेश दिला. न्यायासनावर बसून “मला कळत नाही, आधी शिकतो” असे म्हणणे सोपे नसते. समरसतेचा शब्द आपण रोज उच्चारतो. तिची पहिली पायरी याहून वेगळी असेल असे मला वाटत नाही.

पुढची जनगणना २०२७ ची आहे. तिची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. गणना डिजिटल पद्धतीने व्हायची असून कुटुंबाला आपली माहिती स्वतः भरण्याची सोयही ठेवली आहे. वरवर पाहता ही सोय उत्तम आहे, कारण परका माणूस समोर नसतो. पण मोबाइल कोणाच्या हातात असणार? कुटुंबप्रमुखाच्या. तो रकाना भरताना मुलाला विचारणार आहे का?

त्या शिक्षिकेची गोष्ट मी अर्धी सोडली. २०१४ मध्ये ती गृहिणी त्यांच्या शाळेत आली. धाकट्याने घर सोडून आठ महिने झाले होते. मोठ्या भावाचे लग्न ठरत होते, घरात वादावादी झाली होती, वडील काहीतरी बोलून गेले होते. तिने पदराखालून एक कागद काढला, त्यावर मुलाचे नाव आणि जन्मतारीख लिहिली होती. “बाई, तुम्ही आमच्याकडे मोजायला आला होता,” ती म्हणाली. “आता तो जिथे असेल तिथेही कोणीतरी मोजायला जात असेल ना? तुमच्या वहीत त्याचा पत्ता सापडेल का?”

बाईंनी तिला बसवले, पाणी दिले, आणि जनगणना दहा वर्षांनी एकदा होते, असे सांगितले.