धावत्या मोटारीतील खेळणी

मुनिरका हे दक्षिण दिल्लीतील एक जुने गाव. महानगराने त्याला चहूकडून वेढले, तरी गावाच्या अरुंद गल्ल्या जागच्या जागी राहिल्या आणि भोवती दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिकांच्या रांगा उभ्या राहिल्या. एका अंगाने आउटर रिंग रोडचा प्रवाह अहोरात्र वाहत असतो; दुसऱ्या अंगाला जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा हिरवा परिसर आहे. नोकरीच्या निमित्ताने येथे येऊन राहिलेले एखादे मराठी कुटुंब मे महिन्याच्या सुटीत मोटारीने गावी निघते, तेव्हा त्या घरात जी धांदल उडते ती इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील मराठी घरांनाही अपरिचित नसावी. बाबा चाकांतील हवा तपासून आणतात, आई दशम्या आणि चटणी बांधते, आजी औषधांची पिशवी तीनदा उघडून पाहते. सर्वांत शेवटी भरली जाते ती मुलाची खेळण्यांची पिशवी. आणि ती बहुधा मुलानेच भरलेली असते. लोखंडी मालगाडी, लाकडी फळे, रबरी चेंडू, शिट्टी, चौकात सिग्नलला विकत घेतलेला फुगा, असा सगळा संसार तीत असतो. पिशवी मागच्या आसनावर जाते, दारे लागतात आणि मोटार सुटते.

या पिशवीकडे पाहण्याची दृष्टी घरात एक आणि मोटारीत दुसरी असावयास हवी. घरातील खेळणे मुलाच्या हातात असते, त्याच्याइतकेच स्थिर असते. मोटारीतील खेळण्याला मात्र मोटारीचा वेग असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, कारण मूल, आसन आणि खेळणे ही तिन्ही एकाच वेगाने पुढे जात असतात. मोटार एकाएकी थांबली की हा वेग प्रकट होतो. मोटार थांबते, पट्ट्याने बांधलेले मूल थांबते, सुटे खेळणे थांबत नाही.

याचा हिशेब शाळेतील पदार्थविज्ञानाने करता येतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली मोटार कशावर तरी आदळून थांबली, तर आतील सुटी वस्तू ज्या वेगाने पुढे फेकली जाते, तो वेग सुमारे १० मीटर उंचीवरून पडलेल्या वस्तूच्या वेगाएवढा असतो. मुनिरक्यातील चार मजली इमारतीच्या सर्वांत वरच्या सज्जातून कोणी लोखंडी मालगाडी खाली टाकली आणि खाली एखादे मूल उभे असले, तर पाहणाऱ्याच्या अंगावर शहारा येईल. तीच मालगाडी धाकट्याच्या हातात देऊन थोरल्याला त्याच्याशेजारी बसवताना मात्र कोणाला काही वाटत नाही. वेग दुप्पट झाला की ही उंची दुप्पट नव्हे, चौपट होते. दिल्लीहून मुंबईकडे जाणाऱ्या नव्या द्रुतगती मार्गाचा सोहना ते दौसा हा टप्पा २०२३ साली खुला झाला. त्या मार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगाचा हिशेब केला तर उंची भरते सुमारे ५७ मीटर. मुनिरक्यापासून फार दूर नसलेला कुतुबमिनार साडेबहात्तर मीटर उंच आहे. म्हणजे त्याच्या तीन चतुर्थांशाहून अधिक उंचीवरून पडलेल्या खेळण्याचा हा वेग झाला.

म्हणून मोटारीसाठी खेळणे निवडताना पहिला प्रश्न वजनाचा आणि कठीणपणाचा. ते आपल्याच गालावर जोराने मारून पाहावे. ही परीक्षा थोडी हास्यास्पद वाटेल, परंतु तिच्याइतकी झटपट परीक्षा दुसरी नाही. ज्याने मोठ्या माणसाला लागते, ते मोटारीत नको. या कसोटीला कापडी बाहुली उतरते, कापसाने भरलेला हत्ती उतरतो, कापडी पानांचे चित्रपुस्तक उतरते. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची जी बाहुली आजी दुपारच्या निवांत वेळी शिवते, ती तर या कामी दुकानातल्या पुष्कळ महागड्या वस्तूंना मागे टाकील. मात्र तिचे डोळे मण्यांचे किंवा गुंड्यांचे न लावता दोऱ्याने भरलेले असावेत.

डोळ्यांचा हा मुद्दा क्षुल्लक नाही. तीन वर्षांखालील मुलाला प्रत्येक वस्तू तोंडात घालून ओळखावयाची असते. या वयाच्या मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासण्यासाठी एक लहान नळकांडे वापरतात. त्याचा व्यास जेमतेम ३२ मिलिमीटर असतो. जो भाग त्यात पूर्णपणे मावतो, तो मुलाच्या घशात अडकू शकतो, असे मानतात. घरात मूल गुदमरले तर कोणाचे तरी लक्ष जाते. मोटारीत बाबांची नजर रस्त्यावर, आई पुढच्या आसनावर, आणि गुदमरणारे मूल ओरडत नाही; त्याचा आवाजच बंद झालेला असतो. फुटलेल्या फुग्याचा तुकडा याच कारणाने घातक. शेंगदाणे आणि फुटाणे ही खेळणी नव्हेत, पण प्रवासात ती मुलाच्या हाती खेळण्यासारखीच दिली जातात, म्हणून त्यांचाही येथे उल्लेख केलेला बरा.

याहून भयंकर वस्तू म्हणजे गुंडीच्या आकाराची बॅटरी. दिवे लागणाऱ्या आणि गाणे म्हणणाऱ्या खेळण्यांत ती असते. ती गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांच्या आत आतील भाग गंभीरपणे भाजू शकतो, आणि द्रुतगती मार्गावर दोन तासांत रुग्णालय गाठता येईलच असे नाही. ज्या खेळण्याच्या बॅटरीचे झाकण स्क्रूने घट्ट बसवलेले नाही, ते घरीच ठेवावे; किंबहुना घरीही ठेवू नये.

दिल्लीच्या बाजारात काय मिळते याचा एक पडताळा २०१९ साली झाला. भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्ली आणि आसपासच्या बाजारांतून खेळण्यांचे नमुने विकत घेऊन तपासले, तेव्हा सुमारे ६७ टक्के नमुने नापास ठरले. तीन खेळण्यांपैकी दोन! त्यानंतर केंद्र सरकारने खेळण्यांच्या गुणवत्तेविषयी आदेश काढला आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे आय.एस.आय. चिन्ह बंधनकारक झाले. त्या चिन्हामागे रंगातील शिशासारखे विषारी घटक, धारदार कडा, सुटणारे भाग यांच्या कसोट्या असतात. खेळणे उंचावरून टाकतात, पिळतात, ओढतात. म्हणून चौकात सिग्नलला काचेवर टकटक करून विकले जाणारे बिनखुणेचे खेळणे, विकणाऱ्याविषयी कितीही कणव वाटली तरी, मुलाच्या तोंडाजवळ जाऊ देऊ नये. तथापि या चिन्हाची मर्यादाही जाणली पाहिजे. खेळणे मुलाच्या हाती सुरक्षित आहे, एवढेच ते सांगते. ताशी ८० किलोमीटर वेगाने ते उडाले तर काय होईल, हा प्रश्न त्या कसोट्यांनी विचारलेलाच नसतो.

येथे एक नाजूक प्रसंग उभा राहतो. कोकणातून आलेल्या आजीने नातवासाठी सावंतवाडीची लाकडी फळे आणलेली असतात. आंबा, केळे, सीताफळ. रंग असा की हात लावल्याशिवाय खोटे वाटू नये. नोंदणीकृत कारागिरांच्या हस्तकलेला त्या आदेशातून सूट असल्याने अशा फळांवर चिन्ह नसले तरी ती कमअस्सल ठरत नाहीत. चितारआळीतील कारागिरांची ही कला मुलाच्या हाती पडावी, यासारखे दुसरे भाग्य नाही. परंतु तो लाकडी आंबा भरीव असतो. आजी म्हणणार, “अगं सूनबाई, आमची मुलं यांच्यावरच वाढली, कुणाला काही झालं नाही.” ते खरेही आहे, फक्त ती मुले वाढली ओसरीवर, आणि ओसरी ताशी १०० किलोमीटरने धावत नव्हती. सूनबाईने हे हळुवारपणे सांगावे आणि फळे आजीच्याच हातून मऊ कापडात गुंडाळून डिकीत ठेवून घ्यावीत.

चेंडूचा दोष आणखी निराळा. तो मऊ असला तरी घरंगळतो. आसनाखालून घरंगळत तो चालकाच्या पायाशी गेला आणि ब्रेकच्या पट्टीखाली अडकला, तर ऐन वेळी ब्रेक दाबला जाणार नाही. पाण्याची बाटली आणि चाकांची खेळणी याच जातीची. शिट्टी, पिपाणी आणि कर्कश गाणारी यंत्रे चालकाचे कान व्यापतात. आणि खाली पडलेल्या खेळण्यासाठी मुलाने फोडलेला टाहो त्याची मान मागे वळवतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने दोन सेकंद मान वळली, तर मोटार आंधळेपणाने सुमारे २८ मीटर पुढे गेलेली असते. खेळणे पडू नये म्हणून ते दोरीने बाल-आसनाला बांधावे, पण दोरी वीतभराहून आखूडच असावी; लांब दोरी गळ्याभोवती फिरते. टोकदार पेन्सिल आणि काडीवरची गोळी चालत्या मोटारीत मुलाच्या हाती नको. चित्रे दाखवणारा टॅब्लेट द्यावयाचाच असेल तर तो पुढच्या आसनाच्या पाठीला पक्का जखडलेला असावा, मांडीवर सुटा कधीही नसावा.

अर्थात मूलच सुटे असेल, तर खेळण्यांची ही सारी चिकित्सा व्यर्थ होय. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बाल-आसनात बांधले नसेल, तर १००० रुपये दंड आहे. दिल्लीत आजही आईच्या मांडीवर, पुढच्या आसनावर बसलेली मुले दिसतात. पट्टा टोचतो म्हणून मुलाच्या छातीशी मऊ अस्वल कोंबून त्यावरून पट्टा बांधण्याचीही रीत आहे. धक्का बसताच ते अस्वल दबते, पट्टा सैल पडतो आणि मूल त्यातून निसटू शकते.

दिल्लीचा उन्हाळा या विषयात आपला वाटा मागतोच. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत अर्ध्या तासातच उष्णता भट्टीसारखी होते. मेणखडू वितळून आसनाला चिकटतात, खेळण्यांचे धातूचे भाग चटका देतात, बॅटऱ्या खराब होतात. म्हणून खेळण्यांची पिशवी मोटारीतच ठेवून देण्याची सोय टाळावी. आणि त्या बंद मोटारीत मुलाला पाच मिनिटेही एकटे ठेवू नये.

इतके सारे वगळल्यावर उरते काय, असे कोणी विचारील. उरतात दोन-तीन कापडी वस्तू, पुढच्या आसनाच्या पाठीला टांगलेली खिशांची एक पिशवी, आणि तीतून तासाला एक या बेताने बाहेर निघणारे नवल. सगळी खेळणी एकदम दिली तर मूल गुडगाव येण्याआधीच कंटाळते. बाकीचा वेळ खिडकीचा. मुनिरक्याच्या आभाळात विमानतळाकडे उतरणारी विमाने दिसतात, ती मोजावीत. हिरव्या-पिवळ्या रिक्षा मोजाव्यात, पिवळ्या पाटीच्या मोटारी मोजाव्यात. पुस्तकात किंवा पडद्यात डोळे खुपसून बसलेल्या मुलाला गाडी लागते. दूर पाहणाऱ्याला ती कमी लागते, हा आणखी एक लाभ. शहर संपले की आजीच्या कोड्यांना आणि भेंड्यांना रंग चढतो. त्यांत बाबांनी फार शिरू नये.

आणि मुक्कामाला पोचल्यावर, मोटार थांबून सगळे उतरल्यानंतर, आजी डिकी उघडते, कापडाची गाठ सोडते आणि लाकडी आंबा नातवाच्या ओंजळीत ठेवते.