कोटितीर्थाचं पाणी

येडगावच्या धरणाकाठी माझं घर. नव्या संग्रहाला मुखपृष्ठ हवं होतं, चित्रकाराला द्यायला पैसे नव्हते. प्रकाशक म्हणाले, "रविवर्म्याची ती दिवा घेतलेली बाई टाकू, फुकट आहे." मलाही ती फार आवडते. अम्मी अशीच चिमणी हाताच्या आडोशानं ओट्यावर आणायची.

पण ते चित्र रविवर्म्याचं नव्हेच! सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं आहे. आपल्या कायद्यानं चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, तोही पुढच्या जानेवारीपासून मोजून. रविवर्मा १९०६ साली गेले, हळदणकर १९६८ साली. म्हणजे २०२९ उजाडेपर्यंत परवानगीवाचून ती बाई आपली नाही. जीव हळहळला.

मग कोल्हापूरचे आबालाल रहिमान आठवले. शाहू महाराजांच्या पदरचे चित्रकार; कोटितीर्थ तळ्याचं पाणी पुन्हापुन्हा रंगवत राहिले. १९३१ साली गेले, त्यांची चित्रं केव्हाच मोकळी झाली. आमच्या धरणावर पहाटे असाच उजेड असतो.

प्रूफ आलं, तर आतल्या पानावर आबालालांचं नावच नाही. फोन केला. "हक्क संपलेत ना?" प्रकाशकांनी विचारलं.

म्हटलं, "अहो, पैसे द्यायचे नाहीत, नाव तरी छापा."

छापलं.