वायदे शिकण्याआधी

भातसेचं पात्र खडवलीकरांच्या ओळखीचं. पाणी वरून शांत दिसतं. पण जाणता माणूस तळाचा अंदाज घेतल्याशिवाय उतरत नाही. शेअर बाजारातल्या वायद्यांचंही तसंच आहे.

आपल्याकडे निर्देशांकाचे वायदे जून २००० मध्ये सुरू झाले. मूळ हेतू जोखीम कमी करण्याचा. हाती शेअर आहेत, भाव पडायची भीती आहे, तर विक्रीचा भाव आजच बांधून ठेवायचा. मात्र हाती काही नसताना केलेला सौदा ही निव्वळ पैज ठरते. ‘सेबी’ने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत शेअर वायदे व ऑप्शनमध्ये उतरलेल्या शंभर वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ जणांना तोटा झाला.

म्हणून हा विषय शिकणाऱ्या तरुणांनी क्रम पाळावा. आधी कंपनीचा ताळेबंद वाचायला शिकावं. मग पैसा विभागून गुंतवण्याचं शास्त्र. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये दाखवलं, की एकदमच न पडणाऱ्या गुंतवणुका एकत्र ठेवल्या तर एकूण धोका घटतो. वायदे शेवटी, तेही आधी कागदावर मांडून.

पोहणं काठाशी शिकावं. घरखर्चाचे पैसे कमरेला बांधून मधल्या धारेत उतरू नये.