‘तो काही करत नाही’

(उत्तन येथील युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता ‘सार्वजनिक जागा आणि आपली जबाबदारी’. मी कुत्र्यावर बोलणार आहे. काहींना हसू आलं, चालेल.

आमच्या घरी कुत्रा आहे. मुस्लिम घरात कुत्रा, म्हणून नातेवाईक अजून कुरकुर करतात. मी त्यांना अस्हाबे-कहफची गोष्ट सांगतो. गुहेच्या तोंडाशी बसलेला कुत्रा कुरआनात आहे. तहानलेल्या कुत्र्याला बुटातून पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाल्याची हदीसही सांगतो. सगळं खरं आहे. पण दोन वर्षांपूर्वी याच उत्तनच्या किनाऱ्यावर यातलं काहीही माझ्या कामाला आलं नाही.

रविवारची सकाळ होती. किनारा मोकळा दिसला म्हणून मी पट्टा सोडला. बांबूंवर बोंबील वाळत होते. सात-आठ वर्षांचा एक मुलगा टोपली घेऊन निघाला. कुत्रा त्याच्याकडे धावला, पोरगं घाबरून पळालं. मी लांबूनच ओरडलो, “घाबरू नकोस, तो काही करत नाही!” माझं वाक्य संपायच्या आत दात पोटरीत रुतले होते.

त्याची आई धावत आली. मी म्हणालो, “ताई, त्याला सगळी इंजेक्शनं दिलेली आहेत.” ती म्हणाली, “भाऊ, कुत्र्याचं मला काय सांगता? पट्टा तुमच्या हातात होता ना?”

पट्टा खरंच माझ्या हातात होता. गुंडाळलेला.

नळाखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुतली. कुणीतरी हळद आणली, ती लावू दिली नाही. हळद, चुना, तिखट असलं काही जखमेवर लावायचं नसतं. तिथून सरकारी रुग्णालयात गेलो. रेबीजची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी दिली जाते. जखम खोल असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, म्हणून एकही डोस चुकवायचा नाही. चारही वेळा मी त्या मायलेकरांबरोबर गेलो. मी उपकार केले नाहीत. ते माझं देणं होतं.

आता कायद्याचं. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ सांगतं की, आपल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे फक्त कागदावर नाही. वरळीत २०१८ साली एका मालकाने शेजारी नको म्हणत असताना कुत्रा लिफ्टमध्ये ओढून आणला आणि कुत्रा शेजाऱ्याला चावला. मे २०२५ मध्ये न्यायालयाने मालकाला ४ महिन्यांची शिक्षा दिली.

जुलै २०२५ मधला मानखुर्दचा व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल. रिक्षात बसलेला ११ वर्षांचा मुलगा, अंगावर पिटबुल, आणि शेजारी हसणारा मालक. त्या मालकावर गुन्हा दाखल झाला. पण मला झोप लागली नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. कुणीतरी ते शूट करत होतं. आपल्या मोहल्ल्यात असं घडलं तर आपला हात आधी कुठे जाईल? मोबाईलकडे की मुलाकडे?

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न वेगळा आहे. २२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रे परत त्यांच्या जागी सोडा, मात्र रेबीज झालेले आणि आक्रमक कुत्रे सोडू नका. अन्न ठरलेल्या जागीच द्या, असंही सांगितलं. उत्तनकरांना तर वेगळं सांगायला नको. अख्ख्या शहराचा कचरा इथल्या डोंगरावर येतो आणि जिथे कचरा तिथे कुत्रे. म्हणजे महापालिकेला नसबंदीचा आणि कचऱ्याचा जाब एकाच अर्जात विचारता येतो. तो अर्ज आपण का करू नये?

पण पाळलेल्या कुत्र्याचा जाब महापालिकेला विचारता येत नाही. तो मालकालाच द्यावा लागतो. म्हणून कुत्रा पाळणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. महापालिकेकडे नोंदणी करा. रेबीजची लस दरवर्षी द्या. घराबाहेर पट्टा कायम बांधलेला हवा, चार-पाच फुटांचा, आणि धरणारा असा हवा की ज्याला कुत्रा आवरेल. दहा वर्षांच्या पोराच्या हातात मोठा कुत्रा देऊ नका. आणि लिफ्टमध्ये आधीच कुणी असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहा.

रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हा ईमानचा भाग आहे, हे आपण मदरशात शिकलो. त्या रविवारी रस्त्यात ती वस्तू मीच सोडली होती.

तो मुलगा आता बरा आहे. पण कुत्रा दिसला की अजूनही आईच्या मागे लपतो. माझा कुत्रा आजही माझ्याकडेच आहे आणि मी त्याला किनाऱ्यावर आणतो, पट्ट्याने. ‘तो काही करत नाही’ हे वाक्य मात्र मी पुन्हा कधी बोललो नाही. समोरचा घाबरला की मी थांबतो, पट्टा आखडून घेतो आणि म्हणतो, “तुम्ही आधी जा.”